मराठवाड्यातील उच्च शिक्षण प्रशासनाची वाटचाल : नियंत्रण, अनुदान आणि नियोजन (विशेष संदर्भ : नांदेड विभाग)

बीजसंज्ञा : उच्च शिक्षण संचालनालय, विभागीय सहसंचालक, वेतन अनुदान, पदमान्यता, बृहत् आराखडा, अनुशेष.

प्रस्तावना

उच्च शिक्षणाचा इतिहास बहुधा विद्यापीठांच्या स्थापनेचा, संस्थापकांच्या त्यागाचा आणि नामवंत प्राचार्यांच्या कर्तृत्वाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. महाविद्यालयास परवानगी कोणी दिली, शिक्षकाचे पद कोणी मंजूर केले, त्याचे वेतन कोणत्या तिजोरीतून आले आणि ते पद रिक्त झाल्यावर कोणाची जबाबदारी सुरू झाली, हे प्रश्न या इतिहासात दुय्यम ठरतात. वस्तुतः महाविद्यालयाचे दैनंदिन जीवन या प्रश्नांच्या उत्तरांवरच अवलंबून असते.

मराठवाड्याच्या संदर्भात या प्रश्नांना विशेष महत्त्व आहे. एका शतकाच्या आत या प्रदेशाने निजामी राजवटीचे शिक्षण खाते, हैदराबाद राज्य, द्वैभाषिक मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशी चार प्रशासने पाहिली. प्रत्येक प्रशासनाने उच्च शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या शासकीय यंत्रणेच्या कर्तव्याची कल्पना वेगळी केली. आज नांदेड येथील विभागीय सहसंचालक, उच्च शिक्षण यांच्या कार्यालयाकडे असलेली कर्तव्ये ही या सर्व कल्पनांचे एकावर एक बसलेले थर होत.

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. मराठवाड्यातील उच्च शिक्षण प्रशासनाच्या विकासाचे टप्पे तपासणे.
२. शासकीय यंत्रणेच्या नियंत्रण, अनुदान व नियोजन या तीन कर्तव्यांचे परस्परसंबंध स्पष्ट करणे.
३. अर्धापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी या कर्तव्यांचा होणारा परिणाम समजून घेणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विद्यापीठविषयक अधिनियम, शासकीय धोरणे आणि प्रकाशित दुय्यम साधने यांचा आधार घेतला आहे.

दोन प्रशासकीय परंपरा

महाराष्ट्रातील विद्यमान शिक्षण प्रशासनाचे मूळ मुंबई इलाख्यात आहे. १८४० साली तेथे शिक्षण मंडळ स्थापन झाले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने प्रत्येक प्रांतात स्वतंत्र शिक्षण खाते, विद्यापीठांची स्थापना आणि खाजगी संस्थांना सहायक अनुदान ही त्रिसूत्री मांडली. त्यानुसार १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षण संचालकाचे पद निर्माण झाले आणि १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८८२ च्या हंटर आयोगाने शासनाने उच्च शिक्षणाच्या प्रत्यक्ष व्यवस्थापनातून हळूहळू अंग काढून घ्यावे आणि खाजगी प्रयत्नांना अनुदानाद्वारे उत्तेजन द्यावे, असा कल दर्शविला. याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. रयतेच्या करातून येणारा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार होती. अनुदान कोणाकडून घेतले जाते आणि कोणापर्यंत पोहोचते, हा प्रश्न महाराष्ट्रात इतक्या स्पष्टपणे प्रथम त्यांनी उपस्थित केला.

मुंबई परंपरेचे सूत्र असे होते की, संस्था समाजाने काढावी, पदवी विद्यापीठाने द्यावी आणि शासनाने तपासणी करून अनुदान द्यावे. संचालकाचे पहिले कर्तव्य हिशेबाचे होते. दर्जाची काळजी विद्यापीठाने वाहावी, असे गृहीत धरले होते.

हैदराबाद संस्थानात चित्र निराळे होते. हैदराबादेतील निजाम कॉलेज १८८७ साली सुरू झाले व ते मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते. १९१८ साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो एक धाडसी प्रयोग होता, हे मान्य करावे लागेल. तथापि ती भाषा उर्दू होती आणि संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी होती. नांदेडच्या खेड्यातील मराठी मुलास उच्च शिक्षणासाठी आधी दुसऱ्या भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे. मराठवाड्यात या विद्यापीठाशी संबंधित उच्च शिक्षणाची सोय म्हणजे १९२३ साली सुरू झालेले तत्कालीन औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज होय.

परवानगीची सत्ता

निजामी राजवटीत शिक्षण खात्याचा प्रमुख 'नाझिम-ए-तालिमात' या नावाने ओळखला जाई. खाजगी शिक्षणसंस्थेस खात्याची पूर्वपरवानगी आवश्यक होती. शाळा काढणे हे समाजकार्य न मानता ते राज्यकर्त्यांच्या संमतीचा विषय मानले गेले. या पार्श्वभूमीवर हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय यांसारख्या संस्थांचे महत्त्व लक्षात येते. स्वामी रामानंद तीर्थ यांनी या दोन्ही ठिकाणी अध्यापन केले. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारा हा शिक्षक शासनाच्या अनुदानावर नव्हे, तर लोकवर्गणीवर चालणाऱ्या शाळांमधून पुढे आला.

नियंत्रणाच्या या पद्धतीचे टोक १९३८ साली दिसले. वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून उस्मानिया विद्यापीठातील व औरंगाबादच्या कॉलेजातील विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. अनेक विद्यार्थ्यांना संस्थान सोडावे लागले. त्यांपैकी बहुतेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. जो विद्यार्थी आपल्या राज्यात प्रवेशास अपात्र ठरला तो शेजारच्या प्रांतात पदवीधर झाला. हे उदाहरण शैक्षणिक प्रशासनाच्या दृष्टीने बोलके आहे. देखरेख करणारी यंत्रणा केवळ परवानगी देण्या-नाकारण्यापुरती उरली की, तिचे विद्यार्थ्याविषयीचे कर्तव्य संपुष्टात येते आणि ते दुसऱ्या कोणास तरी पार पाडावे लागते.

संक्रमणाचे दशक (१९४८ ते १९५८)

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि अवघ्या दोन वर्षांत मराठवाड्यात खाजगी उच्च शिक्षणाची दोन महत्त्वाची केंद्रे उभी राहिली. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नांदेड एज्युकेशन सोसायटीने स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज स्थापन केले. दोन्ही संस्थांच्या नावांतील 'पीपल्स' हा शब्द योगायोगाने आला असला, तरी तो काळाची खूण आहे. परवानगीच्या सत्तेखाली दबलेला समाज आता आपले महाविद्यालय आपण काढीत होता.

ही महाविद्यालये उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेनुसार मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. शासन मुंबईचे, शिक्षण संचालक पुण्याचे आणि पदवी देणारे विद्यापीठ आंध्र प्रदेशातील हैदराबादचे! अनुदान देणारा आणि दर्जा तपासणारा, हे दोघे वेगवेगळ्या राज्यांत होते. मराठवाड्यासाठी स्वतंत्र विद्यापीठाची मागणी केवळ अस्मितेची नव्हती, तर ती प्रशासकीय गरजही होती. १९५७ साली नेमलेल्या न्यायमूर्ती पळनिटकर समितीने या मागणीचा विचार केला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. एस. आर. डोंगरकेरी हे त्याचे पहिले कुलगुरू होत.

अनुदानाचे पर्व

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले तेव्हा मराठवाड्याला मुंबई परंपरेचा अनुदानाचा वारसा तयार स्वरूपात मिळाला. तालुक्या-तालुक्यांत शिक्षणसंस्था स्थापन होऊ लागल्या. मात्र अनुदानाच्या अपुऱ्या व अनियमित स्वरूपामुळे शिक्षकाचे वेतन संस्थेच्या आर्थिक क्षमतेवर अवलंबून राही.

या परिस्थितीत निर्णायक बदल १९७० च्या दशकात झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणी १ जानेवारी १९७३ पासून लागू करताना वाढीव खर्चाच्या ८० टक्के भार पाच वर्षांपर्यंत केंद्र शासनाने उचलावा व त्यानंतरचा भार राज्याने वाहावा, अशी व्यवस्था होती. राज्य शासनाने खाजगी महाविद्यालयांतील शिक्षकांच्या वेतनाची जबाबदारी क्रमाने स्वीकारली. शिक्षकास संस्थाचालकाच्या मर्जीपासून मिळालेले हे मोठे संरक्षण होते. याच सुमारास ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला. परिणामी दर्जाचे निकष दिल्लीत ठरू लागले आणि वेतनाचे देयक राज्यात मंजूर होऊ लागले.

वेतन द्यायचे म्हणजे पद मोजणे आले. पद मोजायचे म्हणजे कार्यभार तपासणे आले. नियुक्ती वैध आहे काय, आरक्षणाची बिंदुनामावली पाळली आहे काय, वेतननिश्चिती बरोबर आहे काय, हे सर्व ओघाने आले. अशा रीतीने अनुदानाच्या एका कर्तव्यातून उच्च शिक्षण संचालनालयाच्या कर्तव्यांचा मोठा विस्तार झाला. पुणे येथील मध्यवर्ती कार्यालय नांदेडपासून सुमारे साडेचारशे किलोमीटर अंतरावर आहे. एका मान्यतेसाठी, एका निवृत्तिवेतन प्रकरणासाठी हे अंतर कापणे मराठवाड्यातील शिक्षकास व संस्थेस परवडणारे नव्हते. विभागीय सहसंचालक कार्यालयांची निर्मिती ही या अंतरावरील उपाययोजना होय.

नांदेड विभाग व विद्यमान कर्तव्ये

१९९४ हे वर्ष मराठवाड्याच्या उच्च शिक्षणात महत्त्वाचे आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियम, १९९४ अमलात आला. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. जनार्दन वाघमारे हे पहिले कुलगुरू झाले. नांदेड, लातूर, परभणी व १९९९ साली निर्माण झालेला हिंगोली हे चार जिल्हे या विद्यापीठाच्या आणि नांदेडच्या सहसंचालक कार्यालयाच्याही कक्षेत येतात.

सहसंचालक कार्यालयाची प्रमुख कर्तव्ये पुढीलप्रमाणे सांगता येतील : अनुदानित महाविद्यालयांना वेतन व वेतनेतर अनुदान देणे, कार्यभारानुसार पदांची निश्चिती करणे, निवड समितीवर शासनाच्या वतीने प्रतिनिधित्व करणे, नियुक्तीस व वेतननिश्चितीस मान्यता देणे, सेवानिवृत्तिवेतनाची प्रकरणे पुढे पाठविणे, अनुदानाचे निर्धारण करणे, शुल्क सवलत व शिष्यवृत्ती योजनांची अंमलबजावणी पाहणे आणि नवीन महाविद्यालयांच्या प्रस्तावांविषयी शासनास माहिती पुरविणे.

यात एक गुंतागुंत आहे. शिक्षकाची नेमणूक संस्था करते, त्याच्या शैक्षणिक अर्हतेस विद्यापीठ मान्यता देते, अर्हतेचे निकष विद्यापीठ अनुदान आयोग ठरवितो आणि वेतनास मान्यता सहसंचालक देतात. एका शिक्षकामागे चार अधिकारपीठे उभी असतात. ज्या महाविद्यालयास कनिष्ठ विभागही जोडलेला आहे, तेथे अकरावी-बारावीचे वर्ग विभागीय शिक्षण उपसंचालकांच्या अखत्यारीत येतात आणि पदवीचे वर्ग नांदेडच्या सहसंचालकांच्या. इमारत एक, प्राचार्य एक, परंतु खाती दोन, अशी ही स्थिती आहे. प्रत्येक अधिकारपीठाचे कर्तव्य कायद्याने स्पष्ट आहे. मात्र विद्यार्थ्यास त्या विषयाचा शिक्षक मिळाला काय, या साध्या प्रश्नाचे अंतिम उत्तरदायित्व या चौघांपैकी नेमके कोणाकडे, हे स्पष्ट होत नाही.

तालुक्याच्या पातळीवरून : अर्धापूर

पूर्वी नांदेड तालुक्याचा भाग असलेले अर्धापूर आज स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. नांदेडपासून ते सुमारे वीस किलोमीटरवर असून ईसापूर प्रकल्पाच्या कालव्यामुळे येथील शिवार बागायती झाले आहे. अर्धापूरची केळी दूरवरच्या बाजारपेठांत जाते. येथे शंकरराव चव्हाण महाविद्यालय आहे आणि नांदेडची मोठी महाविद्यालयेही एस.टी.च्या टप्प्यात आहेत. नकाशावर पाहता अशा तालुक्यात उच्च शिक्षणाची अडचण असू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु कालव्याचे पाणी सर्वांच्या शेतात पोहोचत नाही, तसे वीस किलोमीटरचे अंतरही सर्वांसाठी सारखे नसते. बागाईतदाराच्या मुलास नांदेडला खोली करून राहता येते. शेतमजुराच्या मुलीला सकाळचे काम आटोपून, बसची वेळ साधून आणि अंधार पडण्यापूर्वी घरी परतून शिक्षण घ्यावे लागते. तिच्या दृष्टीने तालुक्याचे महाविद्यालय हा अनेक पर्यायांपैकी एक पर्याय नसून तो बहुधा एकमेव पर्याय असतो. ग्रामीण महाविद्यालयात एका विषयास एक किंवा दोनच मंजूर पदे असणे सामान्य आहे. अशा ठिकाणी सेवानिवृत्तीमुळे एक पद रिक्त झाले तर शहरातील महाविद्यालयाप्रमाणे विभागातील एक शिक्षक कमी होत नाही, तर पुष्कळदा तो विभागच तासिका तत्त्वावरील शिक्षकावर येऊन पडतो. या शिक्षकास प्रत्यक्ष घेतलेल्या तासापुरतेच मानधन मिळते आणि पुढील वर्षाची शाश्वती नसते. तो पात्रताधारक व तळमळीचा असला, तरी संशोधन मार्गदर्शन, ग्रंथालयाची जोपासना, विद्यार्थ्यांशी दीर्घकाळचा संबंध, या गोष्टी अस्थिर सेवेतून उभ्या राहू शकत नाहीत. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद मात्र मूल्यांकनाच्या वेळी मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती, हे विचारते. जे पद भरण्याचा निर्णय महाविद्यालयाच्या हाती नाही, त्याच्या रिक्ततेचा ठपका महाविद्यालयाच्या श्रेणीवर बसतो.

२०१७ साली काटकसरीच्या धोरणामुळे पदभरतीवर निर्बंध आले. त्यानंतर टप्प्याटप्प्याने काही पदे भरण्यास परवानगी मिळाली. २०२१ साली राज्यातील अनुदानित महाविद्यालयांत २,०८८ सहायक प्राध्यापक पदांना मान्यता देण्यात आली. असे निर्णय राज्यस्तरावर वित्त विभागाच्या संमतीने होतात. सहसंचालक कार्यालय त्यांची अंमलबजावणी करते. म्हणून रिक्त पदांचा सर्व दोष विभागीय कार्यालयावर टाकणे इतिहासास धरून होणार नाही. प्रश्न निराळा आहे. कोणत्या तालुक्यातील कोणते पद आधी भरले पाहिजे, हे शासनास सांगण्याचे कर्तव्य कोणाचे?

नियोजन : कायद्यातील कर्तव्य

१९५३ च्या नागपूर करारात उच्च व व्यावसायिक शिक्षणाच्या सोयींत मराठवाडा व विदर्भ यांना न्याय्य वाटा देण्याचे आश्वासन होते. राज्यघटनेच्या ३७१(२) या अनुच्छेदात तांत्रिक शिक्षण व व्यावसायिक प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींचा उल्लेख आहे. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात प्रादेशिक असमतोलाचे मोजमाप करून 'अनुशेष' ही संकल्पना दृढ केली. समितीने सर्वसाधारण शिक्षण व तांत्रिक शिक्षण या क्षेत्रांचाही विचार केला होता. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

१९९४ च्या अधिनियमाने नवीन महाविद्यालयांसाठी विद्यापीठाने बृहत् आराखडा तयार करावा, असे बंधन घातले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने ही तरतूद अधिक काटेकोर केली आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य उच्च शिक्षण व विकास आयोगाची तरतूद केली. जुन्या हैदराबाद राज्याचा दुसरा वारसदार असलेल्या आंध्र प्रदेशाने तर १९८८ सालीच कायद्याने राज्य उच्च शिक्षण परिषद निर्माण केली होती. नियोजनाची गरज सर्वत्र ओळखली गेली होती, असे यावरून दिसते.

तथापि बृहत् आराखड्याचा भर 'महाविद्यालय कोठे हवे' या प्रश्नावर आहे. 'शिक्षक कोठे नाही' हा प्रश्न त्याच्या कक्षेत अभावानेच येतो. त्यातच २००१ च्या धोरणानंतर नवीन महाविद्यालयांना कायम विनाअनुदान तत्त्वावर परवानगी मिळू लागली. येथे अनुदान व देखरेख यांचे जुने नाते उघडे पडते. जेथे वेतन अनुदान नाही, तेथे कार्यभार तपासणी नाही आणि वेतन देयकही नाही. मुंबई परंपरेत तपासणीचा अधिकार अनुदानातून आला होता. अनुदान थांबताच यंत्रणेची दृष्टीही तेथे थांबली. परवानगी देऊन मोकळे होणारी ही पद्धत, उद्देश सर्वस्वी भिन्न असूनही, परिणामाच्या दृष्टीने जुन्या परवानगी-राज्याच्या जवळ जाते.

वास्तविक नियोजनाचे उत्तम साधन सहसंचालक कार्यालयातच उपलब्ध आहे. दरमहाच्या वेतन देयकात अनुदानित महाविद्यालयातील प्रत्येक कार्यरत शिक्षकाची नोंद असते. पदनिश्चितीच्या कागदांत मंजूर पदे असतात. सेवापुस्तकात निवृत्तीचा दिनांक असतो. या तीन नोंदी एकत्र ठेवल्या तर पुढील पाच वर्षांत कोणत्या तालुक्यात कोणता विषय शिक्षकाविना राहील, हे आजच सांगता येईल. जे कागद केवळ पैसे देण्यासाठी तपासले जातात, तेच कागद पूर्वसूचनेसाठी वाचले जाणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१. मराठवाड्यातील उच्च शिक्षण यंत्रणेत निजामी काळातील परवानगीची सत्ता, मुंबई इलाख्याची अनुदान पद्धती आणि स्वातंत्र्योत्तर नियोजनाची अपेक्षा हे तीन थर एकत्र आले आहेत.

२. यांपैकी अनुदानाचे कर्तव्य सर्वाधिक विकसित झाले. त्याने शिक्षकास सन्मान व संरक्षण दिले, ही या यंत्रणेची ऐतिहासिक कामगिरी होय.

३. नियोजनाचे कर्तव्य विद्यापीठ, आयोग, शासन व संचालनालय यांच्यात विभागले गेल्याने त्याचे उत्तरदायित्व निश्चित झालेले नाही. त्याचा सर्वाधिक परिणाम एकेका पदावर उभ्या असलेल्या ग्रामीण महाविद्यालयांवर होतो.

४. विभागीय सहसंचालक कार्यालयाने मंजूर, कार्यरत व नजीकच्या काळात रिक्त होणाऱ्या पदांची तालुकानिहाय व विषयनिहाय माहिती दरवर्षी प्रसिद्ध करावी. विनाअनुदानित महाविद्यालयांचाही तीत समावेश असावा. पदभरतीचा प्राधान्यक्रम या माहितीच्या आधारे ठरावा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने संलग्नतेची पद्धत टप्प्याटप्प्याने संपविण्याचा आणि महाविद्यालयांना स्वायत्तता देण्याचा मानस व्यक्त केला आहे. विद्यापीठाचा आधार जसजसा सैल होईल, तसतशी राज्याच्या यंत्रणेची जबाबदारी वाढेल. मराठवाड्याचा अनुशेष आजवर रस्ते, सिंचन आणि इमारती यांत मोजला गेला. वर्गात शिक्षक नसलेल्या तासांचा अनुशेष अद्याप कोणत्याही तक्त्यात आलेला नाही. तो मांडण्याइतकी माहिती नांदेडच्या कार्यालयात दरमहा जमा होत असते, आणि ती मांडणे हेच या यंत्रणेचे यापुढील पहिले कर्तव्य ठरते.